गास्प्रासाठी आठ इंच पुरतात का? एका डॉब्सोनियन दुर्बिणीचा अभिप्राय

दुर्बिणींचे अभिप्राय बहुधा चंद्रापासून सुरू होतात आणि शनीपाशी संपतात. चंद्रावरची विवरे आणि शनीची कडी चार इंची दुर्बिणीतूनही देखणी दिसतात, त्यामुळे त्यांवरून पाहुण्यांची करमणूक होत असली तरी यंत्राची पारख होत नाही. माझ्या आठ इंची डॉब्सोनियन दुर्बिणीला, म्हणजे आठ इंच व्यासाच्या आरशाच्या आणि साध्या बैठकीवर हाताने फिरवायच्या दुर्बिणीला, आता दोन हंगाम पूर्ण झाले. या काळात तिची परीक्षा मी जाणूनबुजून एका अवघड गिऱ्हाइकावर घेतली. लघुग्रह पट्ट्याच्या आतल्या भागात फिरणारा, जेमतेम १८ किलोमीटर लांबीचा '९५१ गास्प्रा' हा दगडी लघुग्रह म्हणजे ते गिऱ्हाईक. आठ इंची आरसा घेतल्यानंतर असा लहान खडक स्वतःच्या डोळ्यांनी, छायाचित्राची मदत न घेता पाहता येतो का, हा प्रश्न दुर्बीण घेण्यापूर्वी मला पडला होता आणि त्याचे सरळ उत्तर मला कोठेही मिळाले नव्हते. हा अभिप्राय त्याच प्रश्नाला धरून लिहिला आहे.

दुर्बिणीचे व्यापारी नाव मी देत नाही, कारण त्याने फारसा फरक पडत नाही. या साच्याच्या दुर्बिणी एकाच कारखान्यातून निघून निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या नावांनी विकल्या जातात. रंग आणि सोबतच्या नेत्रिका (डोळा लावायची भिंगे) बदलतात, आरसा आणि नळी तीच असते. माझ्याकडील दुर्बिणीचा मुख्य आरसा २०३ मिलिमीटर व्यासाचा आणि १२०० मिलिमीटर नाभीय अंतराचा आहे. सोबत २५ आणि १० मिलिमीटरच्या दोन नेत्रिका मिळाल्या, म्हणजे अनुक्रमे ४८ आणि १२० पट वर्धन. नळीवर ५० मिलिमीटर भिंगाची शोधक दुर्बीण आहे. नळी आणि बैठक मिळून वजन वीस किलोच्या आसपास भरते, आणि नळी गाडीच्या मागच्या सीटवर आडवी बसते. किंमत पन्नास-पंचावन्न हजारांच्या घरात पडली. त्यात मोटर नाही, संगणक नाही, आपोआप ग्रहतारे शोधून देणारी कोणतीही सोय नाही. बैठकीवर नळी हाताने फिरवायची आणि नकाशा पाहून शोधायचे, एवढेच.

हा साचा ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते जॉन डॉब्सन १९१५ साली बीजिंगमध्ये जन्मले आणि पुढे सॅन फ्रान्सिस्को येथील वेदान्त सोसायटीच्या मठात रामकृष्ण परंपरेचे साधू म्हणून तेवीस वर्षे राहिले. मठात असतानाच त्यांनी टाकाऊ काच घासून आरसे तयार केले, लाकडी पेटीवर नळी बसवली आणि रस्त्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्यांना आकाश दाखवायला सुरुवात केली. १९६७ साली त्यांना मठ सोडावा लागला. त्या बैठकीचा साधेपणा आजच्या कारखानी मालातही टिकून आहे, आणि तिच्या बहुतेक उणिवाही, ज्यांविषयी पुढे लिहीनच.

प्रथम खोके उघडल्यानंतरच्या गोष्टी. विक्रेत्याने, त्याचे नाव घेण्याचे कारण नाही, दुर्बीण "तपासून आणि जुळवून" पाठवल्याचे सांगितले होते. प्रत्यक्षात मुख्य आरसा एवढा कलला होता की तेजस्वी ताऱ्याला धूमकेतूसारखी शेपटी दिसत होती. मालवाहतुकीत असे होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही, पण जुळवल्याचे सांगू नये. आरसे जुळवण्यासाठी सोबत दिलेले लेझरचे साधन स्वतःच वाकडे होते. ते फोकसरमध्ये, म्हणजे नेत्रिका बसवायच्या सरकत्या नळकांड्यात, फिरवले की लाल ठिपका आरशावर वर्तुळ काढत असे. शेवटी मधोमध बारीक भोक पाडलेल्या एका जुन्या फिल्मच्या डबीच्या झाकणातून पाहून मी आरसे जुळवले आणि आजही तसेच जुळवतो. ज्यांनी पूर्वी आरशाची दुर्बीण वापरलेली नाही त्यांना हा प्रकार पहिल्या दिवशी घाबरवून सोडतो. वास्तविक तीन स्क्रू आणि दहा मिनिटांचे ते काम आहे. चंद्रासाठी म्हणून दिलेली हिरवी काच मी खोक्यातच ठेवली आहे.

आता ज्याच्यासाठी हा खटाटोप केला त्या गास्प्राविषयी.

क्रिमियाच्या दक्षिण किनाऱ्यावरील सिमेइझ वेधशाळेतून ग्रिगोरी नेउइमिन यांनी ३० जुलै १९१६ रोजी तो शोधला आणि जवळच्याच गास्प्रा या आरोग्यस्थळाचे नाव त्याला दिले. सूर्यापासून तो सरासरी २.२१ खगोलीय एकके अंतरावर, म्हणजे अंदाजे ३३ कोटी किलोमीटरवर फिरतो आणि एक प्रदक्षिणा ३.२८ वर्षांत पूर्ण करतो. मंगळ आणि गुरू यांच्यामधील पट्ट्याची ही अगदी आतली बाजू होय. फ्लोरा या मोठ्या लघुग्रहाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कुळात त्याची गणना होते. एखादा मोठा पिंड टक्करीत फुटून त्याचे तुकडे जवळजवळच्या कक्षांत फिरत राहिले, अशी या कुळांची उपपत्ती आहे. ऑलिव्हिन आणि पायरॉक्सीन ही आपल्या दख्खनच्या काळ्या खडकाच्या अभ्यासकांनाही परिचित असलेली खनिजे त्याच्या पृष्ठभागावर आहेत, म्हणून त्याला दगडी, शास्त्रीय वर्गीकरणात 'एस' वर्गाचा, लघुग्रह म्हणतात.

आतला पट्टा आणि दगडी पृष्ठभाग या दोन्ही गोष्टी दुर्बीण घेणाऱ्याच्या फायद्याच्या आहेत, आणि याकडे नवशिक्यांचे लक्ष क्वचित जाते. दगडी लघुग्रह आपल्यावर पडलेल्या सूर्यप्रकाशाचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा परत पाठवतात, तर पट्ट्याच्या बाहेरच्या भागात बहुसंख्य असलेले कर्बयुक्त लघुग्रह जेमतेम विसावा हिस्सा. गास्प्राएवढाच एखादा कोळशासारखा काळा लघुग्रह ३.१ खगोलीय एककांवर ठेवला तर तो प्रतियुतीच्या वेळीही, म्हणजे पृथ्वीवरून पाहता सूर्याच्या विरुद्ध बाजूला असतानाही, सतराव्या प्रतीच्या आसपास राहील (प्रत हे तेजाचे माप; आकडा जितका मोठा तितकी वस्तू मंद) आणि आठ इंची दुर्बिणीतून त्याचे दर्शन कोणालाही, कधीही होणार नाही. गास्प्रा मात्र सरासरी प्रतियुतीला साडेतेराव्या प्रतीपर्यंत येतो. सूर्याच्या जवळच्या टोकाशी असताना प्रतियुती झाली तर साडेबारापर्यंत चढतो, आणि दूरच्या टोकाशी झाली तर साडेचौदावर अडकून बसतो. आठ इंची आरशाची पुस्तकी मर्यादा साडेतेरा ते चौदा प्रतींच्या दरम्यान आहे. म्हणजे हा लघुग्रह दुर्बिणीच्या अगदी उंबरठ्यावर उभा आहे, आणि परीक्षेसाठी त्याची निवड करण्याचे कारणही तेच.

प्रतींची ही मोजपट्टी ज्यांनी आजच्या काटेकोर रूपात मांडली ते नॉर्मन पॉगसन पुढे मद्रास वेधशाळेचे प्रमुख झाले, ही गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात बरोबर शंभर पटींचा फरक, हा नियम त्यांनी १८५६ साली सुचवला. १८६१ च्या एप्रिलमध्ये त्यांनी मद्रासहून ज्या लघुग्रहाचा शोध लावला, तो आशिया खंडातून सापडलेला पहिला लघुग्रह म्हणून 'एशिया' याच नावाने नोंदला गेला. तोही दगडी, आणि तोही पट्ट्याच्या आतल्याच भागातला. त्यांच्याच नियमाने हिशेब केला तर नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या सहाव्या प्रतीच्या ताऱ्यापेक्षा साडेतेराव्या प्रतीचा गास्प्रा बरोबर एक हजार पट मंद ठरतो. अंधारात डोळ्याची बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडते असे धरले, तर २०३ मिलिमीटरचा आरसा डोळ्यापेक्षा सुमारे ८४० पट प्रकाश गोळा करतो. हजाराची गरज आणि आठशे चाळीसची कमाई. उरलेली तूट वाढीव वर्धनामुळे काळ्या होणाऱ्या पार्श्वभूमीतून आणि निरीक्षकाच्या चिकाटीतून भरून काढायची असते.

पहिल्याच रात्री गास्प्राच्या मागे लागू नये, हे मी स्वतःच्या अनुभवाने सांगतो. जॉन रसेल हाइंड यांनी १८४७ साली लंडनहून शोधलेले आयरिस आणि फ्लोरा हे दोन दगडी लघुग्रह सरावासाठी उत्तम आहेत. चांगल्या प्रतियुतीला आयरिस सातव्या प्रतीच्याही किंचित वर जातो आणि फ्लोरा आठव्या प्रतीच्या आसपास पोहोचतो, त्यामुळे पुण्याच्या उजेडातही ते २५ मिलिमीटरच्या नेत्रिकेतून सहज मिळतात. कोथरूडच्या गच्चीवरून, समोरच्या इमारतीच्या जिन्यातला दिवा डोळ्यांत येत असतानाही, मी फ्लोराची जागा सलग चार रात्री नकाशावर नोंदवली. या वर्गातल्या तेजस्वी लघुग्रहांसाठी या दुर्बिणीत कोणतीही उणीव मला आढळली नाही. खरे सांगायचे तर त्यांच्यासाठी एवढ्या मोठ्या आरशाची गरजच नाही. चांगली १० बाय ५० ची द्विनेत्री पुरते.

गास्प्रासाठी मात्र शहर सोडावे लागले. वेल्ह्याजवळ एका परिचितांचे शेत आहे, तेथे ईशान्येला पुण्याची लालसर झळाळी सोडली तर बाकीचे आकाश समाधानकारक काळे असते. लघुग्रहाची जागा काढण्यासाठी मी अमेरिकेच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीची 'होरायझन्स' ही विनामूल्य सेवा वापरतो. आपल्या जागेचे अक्षांश-रेखांश आणि वेळ दिली की ती कोणत्याही लघुग्रहाचे विषुवांश आणि क्रांती (म्हणजे आकाशातले अक्षांश-रेखांशच) आणि अपेक्षित प्रत यांचे कोष्टक तयार करून देते. ते आकडे चौदाव्या प्रतीपर्यंतच्या ताऱ्यांच्या नकाशावर उतरवून छापील कागद सोबत न्यायचा. दुर्बिणीच्या खर्चात या कागदाला आणि लाल काच लावलेल्या विजेरीला कोणी धरत नाही, पण त्यांच्याविना बाकीचे पन्नास हजार वाया आहेत.

पहिली रात्र माझ्याच चुकीने वाया गेली. कोष्टकातील वेळ जागतिक प्रमाणवेळेत होती आणि मी ती भारतीय वेळ समजलो. साडेपाच तासांचा फरक ऐकायला मोठा वाटत नाही, परंतु प्रतियुतीच्या सुमारास गास्प्रा ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर ताशी सुमारे ४० विकलांच्या गतीने वक्री सरकत असतो, म्हणजे साडेपाच तासांत साडेतीन कलांहून अधिक (अंशाचा साठावा भाग म्हणजे कला, कलेचा साठावा भाग म्हणजे विकला). १२० पट वर्धनात एवढ्या अंतरात दहा-बारा अंधुक तारे सहज मावतात. ज्या ठिपक्याला मी दोन तास गास्प्रा समजून न्याहाळत होतो तो दुसऱ्या रात्रीही जागच्या जागी होता, यावरून काय ते कळले. शेताचे मालक आबा मध्येच कांबळे पांघरून येऊन डोळा लावून गेले आणि "काहीच तर नाही" असे म्हणाले. त्या रात्रीपुरते त्यांचे निरीक्षण माझ्यापेक्षा अचूक होते.

दुसऱ्या रात्री वेळेची दुरुस्ती करून, आणि ग्रामपंचायतीच्या खांबावरील दिव्याच्या दिशेला आबांनी गोणपाट टांगून दिल्यावर, सव्वादहाच्या सुमारास नकाशातल्या जागी तो मिळाला. मिळाला म्हणजे काय, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. सरळ पाहिले की तेथे काही नसते. नजर किंचित बाजूला, शेजारच्या ताऱ्यावर नेली की जाणिवेच्या कडेला एक कण उजळतो आणि लगेच विझतो. दहा वेळा पाहिले तर पाच-सहा वेळा. मोठ्या दुर्बिणीतून काढलेली रंगीत छायाचित्रे डोळ्यांपुढे ठेवून जे या छंदात येतात, त्यांची येथे घोर निराशा होईल, हे विकत घेण्यापूर्वी समजलेले बरे. गास्प्रा त्या अंतरावरून एका विकलेच्या पन्नासाव्या भागाएवढा दिसतो, आणि आठ इंची आरशाची भेदनक्षमता अर्ध्या विकलेहून थोडी जाडच आहे. वर्धन कितीही वाढवले तरी बिंदूचा गोळा होणार नाही. साडेतीन तासांनी तो ठिपका शेजारच्या दोन ताऱ्यांशी करत असलेला त्रिकोण बदललेला दिसला, तेव्हा ओळख पक्की झाली.

परंतु मधल्या काळात एक चमत्कारिक प्रकार घडला होता, आणि त्याचे खापर मी दुर्बिणीवर फोडणार होतो. सव्वादहाला तिरक्या नजरेने बऱ्यापैकी मिळणारा गास्प्रा अकरानंतर मावळत गेला आणि बाराला पूर्ण नाहीसा झाला. मला वाटले, दुय्यम आरशावर दव धरले. उघड्या तोंडाच्या नळ्यांत ते होतेच, आणि थंडीत भाटघर-पानशेतच्या पट्ट्यात हवेत ओलावा भरपूर असतो. नेत्रिका पुसली, नळीवर पुठ्ठ्याचे वेटोळे चढवले, आरशावर विजेरी टाकून पाहिली. दव नव्हते. शिवाय त्याच दृष्टिक्षेत्रातला साधारण तेवढ्याच प्रतीचा, नकाशावर खूण केलेला एक तारा पूर्वीसारखाच मिळत होता. दुसरे असे की प्रतियुतीच्या सुमारास मध्यरात्री लघुग्रह आकाशात सर्वांत उंच असतो, हवेचा थर सर्वांत पातळ असतो, म्हणजे तो बाराला सर्वांत चांगला दिसायला हवा होता. पावणेदोनच्या सुमारास तो पुन्हा आपल्या जागी, अपेक्षेइतका पुढे सरकलेला, सापडला.

याचा उलगडा घरी आल्यावर झाला. गास्प्रा गोल नाही. त्याची लांबी-रुंदी-जाडी १८.२, १०.५ आणि ८.९ किलोमीटर आहे. स्वारगेटहून जवळजवळ निगडीपर्यंत पोहोचेल एवढा लांब, पण रुंदीला त्याच्या निम्म्याच्या आसपास, असा तो बटाट्यासारखा खडक स्वतःभोवती ७.०४ तासांत एक फेरी घेतो. एका फेरीत त्याची रुंद बाजू दोनदा आणि टोकाची अरुंद बाजू दोनदा आपल्याकडे वळते. पाहण्याच्या कोनानुसार या बदलात त्याचे तेज एका प्रतीपर्यंत खालीवर होते. रुंद बाजूपासून अरुंद बाजूपर्यंत पावणेदोन तास, आणि परत पावणेदोन तास. माझ्या वहीतील सव्वादहा, बारा आणि पावणेदोन या नोंदी त्यावर जवळजवळ तंतोतंत बसत होत्या. तेवढ्यावर समाधान मानणे बरोबर नव्हते, म्हणून पुढच्या रात्रीसाठी आधीच हिशेब मांडला. सात अर्ध्या फेऱ्या म्हणजे २४ तास ३९ मिनिटे, तेव्हा पुढचा मंदतम क्षण बारा वाजून एकोणचाळीस मिनिटांच्या सुमारास यायला हवा. त्या रात्री सव्वाबारापासून एकपर्यंत मला तो एकदाही दिसला नाही. सव्वादोनला पुन्हा दिसला. शास्त्रीय मोजमाप म्हणून याला किंमत नाही, कारण अपेक्षा डोळ्याला फसवते आणि मी एकटाच पाहणारा होतो. तरीही ज्याचा आकार या आरशाला कधीच दिसणार नाही त्या खडकाची लांबट घडण या आरशातूनच, नुसत्या असण्या-नसण्यावरून, हाताला लागली. उंबरठ्यावरचा लघुग्रह निवडला नसता तर हे घडले नसते. हाच बदल आयरिसमध्ये डोळ्यांनी ओळखणे मला जमलेले नाही.

हा आकार प्रथम जगापुढे आला तो गॅलिलिओ यानामुळे. गुरूकडे जाताना २९ ऑक्टोबर १९९१ रोजी ते गास्प्रापासून १,६०० किलोमीटरवरून गेले, आणि यानाने जवळून पाहिलेला तो पहिलाच लघुग्रह ठरला. यानाचा मुख्य अँटेना छत्रीसारखा उघडायचा होता, तो अडकल्यामुळे छायाचित्रे दुय्यम अँटेनातून अत्यंत मंद गतीने पाठवावी लागली आणि बरीचशी माहिती यान १९९२ च्या अखेरीस पृथ्वीजवळ परत आल्यावरच हाती आली. सर्वांत स्पष्ट चित्रात ५४ मीटरपर्यंतचा तपशील आहे आणि त्यात शंभर ते पाचशे मीटर व्यासाची सहाशेहून अधिक विवरे मोजली गेली. मोठी विवरे कमी असल्यावरून त्याचा पृष्ठभाग, सूर्यमालेच्या मानाने, तरुण ठरवला गेला. मूळ गाव आरोग्यस्थळ असल्यामुळे गास्प्रावरील विवरांना जगभरातील उष्ण झऱ्यांच्या आणि आरोग्यस्थळांच्या गावांची नावे दिली आहेत. त्यांत बाथ, बाडेन-बाडेन, रोटोरुआ यांच्याबरोबर हिमाचल प्रदेशातील मणिकरणही आहे. वज्रेश्वरीचा नंबर लागला नाही, याचे मला थोडे वाईट वाटते. नेत्रिकेतून यातले काहीही दिसत नाही, परंतु आदल्या संध्याकाळी ते चित्र एकदा डोळ्यांखालून घातले की रात्री त्या कणाकडे पाहताना गंमत वाढते. पाहुण्यांनाही मी आता आधी चित्र दाखवतो आणि मग ठिपका.

यंत्राच्या भागांविषयी आता थोडक्यात. आरसा उत्तम आहे. ताऱ्याची प्रतिमा नाभीच्या आत आणि बाहेर जवळजवळ सारखी उमटते, आणि या किमतीत याहून अधिक मागणे अन्याय होईल. फोकसर दुहेरी गतीचा आहे आणि सुखकर आहे. २५ मिलिमीटरची नेत्रिका कामाची आहे, पण १० मिलिमीटरची सामान्य. गास्प्राचा पहिला पत्ता तिच्यातून लागला खरा, तरी एका मित्राकडून आणलेल्या चांगल्या ८ मिलिमीटरच्या नेत्रिकेत, म्हणजे १५० पटींत, पार्श्वभूमी अधिक काळी होऊन तो दहापैकी सात-आठ वेळा मिळू लागला. त्यामुळे पैसे शिल्लक असतील तर ते प्रथम येथे खर्च करावेत. शोधक दुर्बिणीचे दोन प्रकार बाजारात मिळतात. त्यांपैकी सरळ नळीचा घ्यावा, काटकोनी प्रकार मानेला सोयीचा असला तरी नकोच. काटकोनी शोधकात आकाश आरशातल्यासारखे डावे-उजवे उलटे दिसते, तर मुख्य दुर्बिणीत ते नुसते अर्धे फिरलेले असते, आणि मध्यरात्री नकाशा, शोधक आणि नेत्रिका यांचा मेळ घालताना ही दोन वेगवेगळी उलटापालट डोके फिरवते. सरळ शोधकात आणि नेत्रिकेत चित्र एकसारखे फिरते, तेव्हा छापील नकाशा उलटा धरला की काम भागते.

सर्वांत कमजोर भाग म्हणजे बैठक. ती भुशाच्या दाबीव फळीची आहे आणि तिच्या कडांना लावलेली पट्टी आपल्या पहिल्याच पावसाळ्यात सुटू लागली. जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत महाराष्ट्रात दुर्बीण तशीही बंद असते, त्या चार महिन्यांत फळी ओलावा पिऊन फुगते आणि ऑक्टोबरमध्ये नळी वळवताना आधी अडते, मग एकदम झटका देऊन सरकते. चंद्र पाहताना हे चालून जाते. तेराव्या प्रतीचा कण १२० पटींत धरून ठेवताना मात्र प्रत्येक झटक्याला तो हरवतो, कारण मोटर नसल्यामुळे आकाश दृष्टिक्षेत्रातून दीड-पावणेदोन मिनिटांत वाहून जाते आणि सतत हाताने ढकलावे लागते. कडांना दोन हात वार्निश आणि घसरत्या पृष्ठभागावर मेणाचा हलका हात, एवढ्या उपायाने माझी बैठक दुसऱ्या हंगामात बरीच सुधारली. कोकणात राहणाऱ्यांनी तर वार्निशचे काम दुर्बीण घरात येईल त्याच आठवड्यात करून घ्यावे आणि आरशाच्या झाकणात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, नाहीतर दमट हवेत काचेवर बुरशी धरते.

आठऐवजी दहा इंची घ्यावी का, असे मला दोघांनी विचारले आहे. दहा इंची आरसा दीडपट अधिक प्रकाश देतो, म्हणजे हिशेबाने जेमतेम अर्धी प्रत. गास्प्रासारख्या उंबरठ्यावरच्या लघुग्रहाला अर्धी प्रत फार मोठी असते, हे खरे आहे. पण वजनही त्याच प्रमाणात वाढते, आणि तीन मजले उतरवून, गाडीत घालून, घाट चढून न्यायची दुर्बीण जड झाली की ती नेली जात नाही. ज्यांचे शेत किंवा गच्ची अंधाऱ्या आकाशाखाली आहे त्यांनी दहा इंची जरूर घ्यावी. अलीकडे मिळणाऱ्या, स्वतःच आकाश ओळखून छायाचित्रे एकावर एक रचणाऱ्या लहान दुर्बिणी शहरातूनही गास्प्रापेक्षा मंद लघुग्रह टिपतात, हेही नमूद केले पाहिजे. ज्यांना केवळ नोंद हवी आहे त्यांना त्या अधिक सोयीच्या पडतील. मला नेत्रिकेला डोळा लावून पाहायचे होते, त्यामुळे तो मार्ग मी विचारात घेतला नाही. घेण्याआधी मात्र पुण्यातील ज्योतिर्विद्या परिसंस्था किंवा मुंबईतील खगोल मंडळ अशा संस्थांच्या आकाशदर्शनाला एकदा जाऊन, कोणाच्या तरी आठ इंची दुर्बिणीतून मंद वस्तू पाहून यावे. काहींना तिरक्या नजरेचे हे तंत्र आवडतच नाही, आणि ते पन्नास हजार खर्च करण्याआधी कळलेले चांगले.

गास्प्राची प्रतियुती दर सतरा-साडेसतरा महिन्यांनी येते, त्यामुळे एखादी पावसाळ्यात सापडली की पुढचीपर्यंत जवळजवळ तीन वर्षांची खोटी होते. दुर्बीण मागवण्याआधी कोष्टकात पुढच्या प्रतियुतीचा महिना आणि त्या वेळची प्रत पाहून ठेवावी. प्रत साडेतेराच्या पलीकडची निघाली, तर त्या हंगामात फ्लोरा आणि आयरिस यांच्यावर हात बसवून घ्यावा आणि ८ मिलिमीटरच्या नेत्रिकेसाठी पैसे बाजूला टाकत राहावे.